गेटचा पत्ता

४ ऑगस्ट, सोमवार

सुयशने ही वही आणून दिली. म्हणाला, ऑफिसचा राग ऑफिसात ठेवता येत नसेल तर यात ठेव, जेवणाच्या ताटात नको. बायकोला द्यायची काय भेट आहे! पण काल भाजीत मीठ कमी पडलं म्हणून मी झारा आपटला, आणि भाजी मीच केली होती. तेव्हा लिहिते.

(सुयश, तू हे चोरून वाचणार आहेस, म्हणून सोपं करून लिहिते आहे.)

आजचा राग तात्यांवर. तात्या सबनीस, आमच्या कंपनीतले सगळ्यात जुने इंजिनिअर. आम्ही टेमघरला बसून मालाच्या लिफ्टची कंट्रोल कार्डं बनवतो. गोडाऊनमध्ये खोकी वरखाली करणाऱ्या जाळीच्या लिफ्ट असतात, त्यांचा मेंदू म्हणजे हे कार्ड. त्यावरची चिप आता मिळेनाशी झाली आहे. नवी घ्यायची, तर नव्या चिपवर सगळे पत्ते वेगळे. पत्ता म्हणजे नुसता आकडा. मोटर कुठे, बटण कुठे, गेट लागलंय की नाही हे सांगणारी तार कुठे, प्रत्येकाचा एकेक आकडा. हे सगळे एका जागी लिहून ठेवायचे आणि कोडने तिथून वाचायचे, एवढं तर कॉलेजातल्या पोरांनाही कळतं. तात्यांनी वीस वर्षांपूर्वी ते पानोपानी थेट कोडमध्ये ठोकलेत. पातेल्यावर आपण घरातल्यांचं नाव घालतो. यांनी दुकानदाराचा पत्ता कोरून ठेवलाय, आणि ते दुकानच आता उठलंय.

अख्ख्या कोडमध्ये माणसाला वाचता येईल अशी एकच ओळ आहे, गेटच्या भागावर. "हात लावू नये." का, ते लिहिलेलं नाही. देवळातली पाटी आहे का ही?

५ ऑगस्ट, मंगळवार

आज तात्यांना सांगून टाकलं.

"तात्या, हे सगळे पत्ते मी एका फाईलमध्ये काढणार आहे."

"काढ की."

"कोड सगळीकडे एकच राहील. प्रत्येक लिफ्टची फाईल तेवढी वेगळी. तार बदलली की फोनवरून फाईल बदलायची, संपलं. कोडला हात लावायची गरजच नाही."

"छान आहे. गेट सोडून सगळं काढ."

"गेट का सोडायचं?"

"मी सांगतो म्हणून."

आणि उठून चहा प्यायला गेले. मी सांगतो म्हणून! माझ्या बापानेसुद्धा हे वाक्य मी दहावी झाल्यावर वापरायचं बंद केलं होतं. एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर मला कारण मिळत नाही. मी ठरवलंय, सगळ्यात आधी गेटच काढायचं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

नारळी पौर्णिमा. प्रितेश घरून डबाभर नारळीभात घेऊन आला. हा आमचा मालक, तिशीचाही नाही. घरचे इथल्याच कोन गावचे. आजोबा खाडीत होडी घालायचे, बापाच्या वेळेला शेतात गोडाऊनं उभी राहिली, आणि गोडाऊनला लिफ्ट लागते म्हणून प्रितेशने लिफ्टच्या कार्डांची अख्खी कंपनीच घेऊन टाकली. पण मुलगा ऐकून घेणारा आहे. माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला आणि सगळं समजून घेतलं.

"म्हणजे मॅडम, हे फोनवरून पण होईल?"

"ॲप करतेय मी. कार्डाजवळ उभं राहायचं, फाईल उघडायची, बदलायचं."

"आणि एखादी गोष्ट लिफ्टला नसेलच तर? म्हणजे आपल्या काही लिफ्टना वर गेटच नाय."

"तर तिथे 'नाही' करायचं. कोड त्या तारेकडे बघणारच नाही."

"कुठल्याही लिफ्टला करता येईल?"

"कुठल्याही."

"एक नंबर," म्हणाला. किती दिवसांनी कोणीतरी माझं काम समजून घेऊन कौतुक केलं. जाता जाता हळूच म्हणाला, "हे झालं ना, की मग तात्यांना पण आराम देऊ. सगळं त्यांच्या डोक्यात हाय, म्हणून ठेवलंय."

वाईट वाटायला हवं होतं. भात मात्र दोनदा घेतला. आता कळलं तात्या गेट का सोडत नाहीत. एक तरी किल्ली कमरेला राहिली पाहिजे, नाहीतर विचारणार कोण!

१४ ऑगस्ट, गुरुवार

काल मी गेटचा पत्ता कोडमधून काढून फाईलमध्ये टाकला. आज सकाळी बघते तर परत कोडमध्ये, जिथल्या तिथे. तात्यांनी रातोरात, न विचारता, माझं काम पुसलं.

मी सगळ्यांसमोर आवाज चढवला. "हे काय चाललंय? मी एका बाजूने काढायचं आणि तुम्ही दुसऱ्या बाजूने भरायचं?"

तात्या शांत. त्यांच्या शांतपणाचा मला जास्त राग येतो. चष्मा पुसत म्हणाले, "विद्युल्लता, जे विकायचं नाही ते दुकानात मांडू नये."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तेच."

मी कोडबद्दल विचारते आणि हा माणूस मला वाणसामानाचा उपदेश करतो. मी सरळ प्रितेशकडे गेले. प्रितेशने दोघांना बोलावून घेतलं आणि तात्यांना म्हणाला, "मॅडम करतायत ते करू द्या ना तात्या. मला पण फाईलमध्येच पायजे." तात्यांनी प्रितेशकडे जरा वेळ बघितलं, मग माझ्याकडे. मान हलवून बाहेर गेले. जिंकल्यावर बरं वाटतं म्हणतात. मला घरी येईपर्यंत दात आवळून दुखायला लागले होते.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

गेटचा भाग संपवला. त्यात आणखी एक वेडेपणा सापडला. गेट बंद आहे एवढं तात्यांना पुरत नाही. आधीच्या फेरीनंतर ते एकदा उघडलं होतं का आणि मग बंद झालं का, हेसुद्धा तपासतात. तसं नसेल तर लिफ्ट हलत नाही. कशाला? लिफ्ट रिकामीच खालीवर करायची असेल तर उगाच गेट उघडून लावायचं? माणसाला छळायचे प्रकार नुसते. उडवलं. "हात लावू नये" पण उडवलं, आणि ते उडवताना मला जे सुख झालं ते लिहून ठेवायला हरकत नाही.

सुयश म्हणतो, "तात्यांना एकदा चहा पाजून नीट विचार ना." या घरात सगळ्यांनाच तात्यांचा पुळका.

८ सप्टेंबर, सोमवार

गणपती झाले, आज पहिली लिफ्ट बसवली. कोनच्या गोडाऊनमध्ये, प्रितेशच्या काळूरामकाकांच्या. दोन मजले, आत मोबाईलची कव्हरं, चपला, प्रेशर कुकर, सगळं ऑनलाईनवाल्यांचं. सणांचा सेल जवळ आलाय म्हणून खोक्यांच्या भिंती झाल्यात.

लिफ्ट चालवतो तो लडकू. कोनचाच, पस्तिशीचा, तोंडात सतत बडीशेप. त्याची वहिनी कमळ वर पॅकिंगला बसते आणि खोक्यांबरोबर लिफ्टमधूनच वर जाते. माणसांनी या लिफ्टमध्ये बसायचं नाही असं मोठ्या अक्षरात लिहिलंय, त्या पाटीला टेकूनच ती उभी राहते. मी म्हटलं, "कमळताई, जिना आहे ना?"

"जिना हाय, पाय तुमचे द्या," म्हणाली. "दिसभर नगावर काम हाय मॅडम. चढत बसले तर नग कोन करील?"

मी फाईल भरली. मोटर, बटणं, खालचं गेट, वरचं गेट, सगळे पत्ते नवे. एकदा वाचून चालवलं आणि लिफ्ट पहिल्या झटक्यात वर गेली. एका अक्षरासाठीही कोड उघडावा लागला नाही. लडकूने टाळ्या वाजवल्या. प्रितेशने ॲप स्वतःच्या फोनमध्ये घालून घेतलं, आणि गोडाऊनच्या मॅनेजरच्याही.

तात्या आले नव्हते. यायला हवं होतं, एवढंच म्हणते.

१३ सप्टेंबर, शनिवार

बाजारात कमळ भेटली, वांगी निवडत होती. मला बघून लांबूनच ओरडली, "मॅडम, तुमची लिफ्ट लय फास्ट झायली! पयले वर जायाला जीव जायचा."

काय सांगू किती बरं वाटलं. वेग वाढवण्यासाठी मी काही वेगळं केलं नव्हतं. पण तात्यांच्या त्या दहा ठिकाणच्या तपासण्या काढल्या की कोड हलका होणारच. नीटनेटकं काम केलं की असं फळ मिळतं. घरी येऊन सुयशला सांगितलं. तो म्हणाला, "मोटर तीच आहे ना?" मोटर तीच आहे. याला माझं कौतुक ऐकवत नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

दवाखान्यातून आत्ताच आले.

लडकूचा पाय गेला. म्हणजे तुटला नाही, पण घोट्याचा चुरा झालाय, डॉक्टर म्हणतात चालेल, पण नीट नाही. दुपारी ट्रॉलीचं चाक लिफ्टच्या खाचेत अडकलं होतं. लडकू एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून ते ओढत होता. वरून कोणीतरी बटण दाबलं आणि लिफ्ट वर गेली. गेट उघडं असताना.

गेट उघडं असताना लिफ्ट जाऊच शकत नाही. मी वीस वेळा तपासलंय. मी दवाखान्यात कमळला तेच म्हणाले, "ताई, गेट लागलेलं असणार, नाहीतर ती हलणारच नाही."

कमळने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वेडी आहे. "गेट कोन लावतो आता? आठ दिस झायले, उघड्यावरच चालते. मॅनेजर बोलला, नव्या मशीनला गेट लागत न्हाय. म्हनून तर फास्ट झायली."

मी तिथेच खाली बाकड्यावर बसले. तिने मला पाणी आणून दिलं. तिच्या दिराचा पाय आणि तिने मला पाणी दिलं!

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी नऊला गोडाऊनवर गेले आणि फाईल उघडली. खालचं गेट: आहे. वरचं गेट: आहे. सगळं जागच्या जागी. गेट उघडून बटण दाबलं, लिफ्ट हलली नाही. क्षणभर मला खरंच वाटलं की कमळ चुकली.

मग प्रितेश आला. रात्रभर झोपलेला दिसत नव्हता, पण फोन हातात होता. म्हणाला, "मॅडम, टेन्शन नका घेऊ. मी काल संध्याकाळीच परत 'आहे' करून टाकलं. कोणी बघायला आलं तरी आपली मशीन ओके हाय."

"परत केलंस म्हणजे? आधी 'नाही' कोणी केलं होतं?"

"काकांचा माल अडकत होता. सेल हाय. पार्टी दुसरीकडे जाते मॅडम, तुम्हाला माहीत नाय. आणि तुम्हीच बोलला होतात, कुठल्याही लिफ्टला करता येतं."

मी त्याला काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, कारण सुयश वाचतो. शेवटी म्हणाले, "माणसाचा पाय गेला!"

"त्याला दवाखान्यात बघतोय ना आपण. तो पण बोलला डॉक्टरला, ट्रॉली पायावर पडली म्हणून. काकांनी समजावलं त्याला. तुम्ही कशाला विषय वाढवता?"

हा मुलगा ऐकून घेणारा आहे असं मी इथेच लिहिलंय. शाई पुसता आली असती तर बरं झालं असतं. राग नक्की कुणाचा करू? ॲप मी केलं. बटण मी दिलं. 'नाही' हा शब्दसुद्धा मीच टाईप केलेला.

२० सप्टेंबर, शनिवार

ऑफिसला न जाता तात्यांच्या घरी गेले. ते गॅलरीत कांदे वाळत घालत होते. मी चप्पल काढायच्या आधीच सुरुवात केली.

"तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"ते लोक असं करणार हे. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला सांगितलं नाही!"

"सांगितलं होतं."

"म्हण सांगितलीत! कारण सांगितलं नाहीत. दुकान, विकणं, मांडणं! मी वाण्याकडे कामाला आहे का? सरळ म्हणायचं होतं, विद्युल्लता, ही माणसं गेट बंद करून टाकतील."

तात्यांनी एक कांदा उलटा केला. "तुला कारण दिलं की तू त्यावर तोडगा काढतेस. पासवर्ड घालू म्हणाली असतीस. मालकालाच दिला असतास पासवर्ड."

मी दिला असता. हे खरं आहे, म्हणूनच आणखी चिडले.

"आणि ती उघडून परत लावायची अट?"

"जुन्या कार्डाला ते फोनवरून काही करू शकत नव्हते, म्हणून गेटच्या स्विचला तार गुंडाळायचे. स्विच कायम दाबलेला, म्हणजे गेट कायम बंद. म्हणून मी ते घातलं. उघडलं नाही, तर लावलंय यावर विश्वास ठेवायचा नाही."

"दोन ओळी लिहायला काय झालं होतं तिथे? वीस वर्षं होती तुमच्याकडे!"

"हात लावू नये, असं लिहिलं होतं," म्हणाले, आणि त्यांचाही आवाज पहिल्यांदा चढला. "तुम्हाला लिहिलेलं दिसतं कुठे? तुम्हाला कारणं पाहिजेत, पुरावे पाहिजेत, चहा पाहिजे! मला पहिल्या पगारापासून सगळ्यांनी अडाणी म्हटलंय, की हा आकडे कोडमध्ये ठोकतो. बाकीचे आळसाने ठोकले, कबूल. हा एक मुद्दाम ठोकला."

आम्ही इतके ओरडत होतो की शेजारच्या बाई बाहेर आल्या. तात्यांच्या बायकोने, काकूंनी, आत बोलावून पोहे दिले. दोघांनी भांडणाच्या तोंडानेच खाल्ले.

खरं तर ही गेटची तार कार्डाकडे न्यायलाच नको. ती सरळ मोटरच्या वाटेत बसवायची, गेट उघडं की वीजच नाही. तात्या म्हणाले, ते त्यांनी दरवर्षी सुचवलं, स्वस्तातली लिफ्ट घेणारा दरवर्षी नको म्हणाला.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सेल सुरू झाला आहे. आज दुपारी काही न सांगता कोनला गेले. लडकूच्या जागी नवा माणूस. गेट सताड उघडं. लिफ्ट खाली आली, खोकी भरली, लिफ्ट गेली. तिच्यात कमळ उभी होती, पदर जाळीबाहेर लोंबत होता.

सातच दिवस झालेत. लडकूचं प्लास्टरही अजून सुकलं नसेल.

मी ॲप उघडून 'आहे' केलं आणि मॅनेजरसमोर उभी राहिले. तो माझ्यासमोरच फोनवर बोट फिरवून 'नाही' करून मोकळा झाला. "मॅडम, शेठनेच बोला है. आप घर जाइए." मी परत केलं. त्याने परत केलं. दोन लहान मुलं दिवा लावतात-विझवतात तसं चाललं होतं आणि मधे एक बाई लिफ्टमध्ये उभी. मला एकदम रडूच आलं, आणि रडू आलं म्हणून त्या माणसाचा फोन हिसकावून घ्यावासा वाटला. घेतला नाही. घ्यायला हवा होता.

रस्त्यावरूनच तात्यांना फोन केला. म्हटलं, "गेट परत ठोकायचंय."

म्हणाले, "पहिली तारीख माझा शेवटचा दिवस आहे. प्रितेशने काल सांगितलं."

"मग तोपर्यंत या."

२८ सप्टेंबर, रविवार

तात्या आणि मी ऑफिसात, बाकी कोणी नाही. मी माझ्या हाताने फाईलमधून गेटचे दोन पत्ते काढले आणि कोडमध्ये थेट आकडे लिहिले. कॉलेजात असं केलं असतं तर गुण कापले असते. उघडून परत लावायची अटही घातली. तात्या मागे उभे राहून चुका काढत होते, "स्विच थरथरतो, जरा थांबून वाच, इतकंही कळत नाही?" मी म्हटलं, "गप्प बसता का जरा?" बसले नाहीत.

बाकी सगळं फाईलमध्येच ठेवलं. मोटर, बटणं, दिवे, घंटा. तिथे माझंच बरोबर आहे आणि ते त्यांनाही माहीत आहे, कबूल मात्र करणार नाहीत.

मग त्या दोन आकड्यांवर का ते लिहिलं. लडकूचं नाव, तारीख, पायाचं काय झालं, सगळं. चार ओळी झाल्या. तात्यांनी चष्मा लावून वाचल्या आणि एक शुद्धलेखनाची चूक दाखवली.

शेवटी चिपला कुलूप लावायचं ठरवलं. एकदा लावलं की आतला कोड कोणाला बदलता येत नाही. पुसता येतो, पण पुसला की कार्ड म्हणजे नुसता पुठ्ठा.

तात्या म्हणाले, "दुसरा माणूस आणेल तो, नवा कोड लिहून घेईल."

"आणू दे. त्या माणसाला बसून, स्वतःच्या हाताने, गेट बघू नकोस असं लिहावं लागेल. त्या चार ओळी वाचून. बोट फिरवून होणार नाही."

तात्या टेबलावरची आपली पकड आणि सोल्डरिंग आयर्न पिशवीत भरायला लागले.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. आज यंत्र चालवत नाहीत, पूजा करतात. सेल असो नाहीतर काही असो, काळूरामकाका हे मोडत नाहीत, म्हणून आजचा दिवस धरला होता. लिफ्टला झेंडूचे हार, मोटरला हळदकुंकू, कार्डाच्या पेटीवर नारळ. माणसाच्या पायापेक्षा मोटरला जास्त मान आहे, हे तिथे उभं राहून मला इतकं झोंबलं की आरतीला टाळी वाजवली नाही.

पूजा झाल्यावर सगळे प्रसादाला गेले. प्रितेशला सांगितलं, "कार्डाला नवा कोड घालतेय." म्हणाला, "घाला ना, तुमचंच काम हाय ते." विचारलं नाही काय आहे म्हणून. मी सांगितलंही नाही. खोटं बोलले नाही, पण खरंही नाही बोलले, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

कोड घातला. तपासला. कुलूप लावलं. तात्या पेटीपाशी प्रसादाची वाटी धरून उभे होते. त्यांचा कंपनीतला शेवटचा दिवस असा गेला. उद्या दसरा, सगळं बंद.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळपासून फोन. आधी मॅनेजर, मग प्रितेश. "मॅडम, 'नाही'चं बटणच नाय दिसत." मी म्हटलं, "नाहीच आहे ते." मग दहा मिनिटं तो काय काय बोलला. काकांचा माल, पार्टी, विश्वासघात, कोर्ट. मी म्हटलं, "कोर्टात जाऊ या. गेटला 'नाही' कोणी केलं ते तिथे दोघंही सांगू." फोन ठेवला त्याने. दुपारी मेसेज आला की सोमवारपासून येऊ नका. मी सकाळपासून ज्याची वाट बघत होते ते आलं, तरी मेसेज तीनदा वाचला.

तरी संध्याकाळी कोनला गेले. बघायचंच होतं.

गोडाऊनमध्ये गोंधळ. गेटच्या स्विचला कोणीतरी तार गुंडाळून बघितली होती. लिफ्ट ढिम्म. आधी उघड, मग लाव, मग जाईन. खोक्यांची रांग बाहेर टेम्पोपर्यंत. मला बघून सगळे एकदम बोलायला लागले, आणि सगळ्यात पुढे कमळ.

"काय केलाव हो तुमी? मशीन बिघडवलाव आमची!"

"बिघडली नाही ताई. गेट लावलं की जाते."

"दर फेरीला गेट लावायचा? दर फेरीला? माजे नग किती कमी झायले आज, म्हाईत हाय? तुमचा पगार बसून येतो!"

"पगार नाही आता. काढलं मला."

"बरा झाला!"

माझंही डोकं फिरलं. एवढ्या माणसांत, झेंडू अजून लटकत असलेल्या त्या लिफ्टसमोर मी तिच्यावर ओरडले, "तुझ्या दिराचा पाय गेला आणि तू मला गेटचं सांगतेस? तुझा पदर बाहेर लोंबत होता परवा! मी बघितलाय!"

"माजा पदर, माजा पाय! तुमी कोन?"

खरंच, मी कोण? मी लिफ्टसमोरून हलले नाही. बाजूला कोणी जाईना, लिफ्ट हलेना. टेम्पोवाला हॉर्न मारत होता. कमळ खोक्यांमधून आत शिरली आणि जाळीला टेकून उभी राहिली. वरून कोणी बटण दाबलं. काही नाही. मग दाबतच राहिलं. काही नाही.

"मेल्या, लाव ना गेट!" ती नव्या माणसावर खेकसली. तो ट्रॉली ओढत होता, त्याला ऐकू आलं नाही. मग तिनेच मला, काळूरामकाकांना, मशीनला, सगळ्यांना एका दमात शिव्या घातल्या, पदर ओढून कमरेला खोचला आणि गेट असं आपटून लावलं की जाळी थरथरली.

लिफ्ट वर गेली.